धूर दिसू द्या

सिगारेटवर वाद होतो तो तंबाखूवरून. निकोटीन किती, टार किती, फिल्टर कसला. भोवतीच्या पांढऱ्या कागदाची चौकशी कुणी करत नाही. एका सिगारेटला जेमतेम ४० मिलिग्रॅमच्या आसपास भरणारा कागद. ते नुसतं वेष्टन असणार, असं सगळे धरून चालतात. पण सिगारेट किती वेगाने जळेल, दोन झुरक्यांच्या मधे धुमसत राहील की विझेल, राख पांढरीशुभ्र पडेल की करडी, ती टोकाला टिकेल की झडेल, आणि जळत्या टोकावरून उठणारा धूर किती नजरेत येईल, हे बऱ्याच अंशी हा कागद ठरवतो. त्यावर वेगवेगळी रसायनं चढवून धूर आणि डाग कसे बदलतात, याच्या चाचण्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत कित्येक दशकं चालत आल्या आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

चाचण्या करू नयेत, असं माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप आहे तो डोळ्यांना दिसणारं तेवढं कमी करून विष तसंच ठेवणाऱ्या बदलांना. दिसणारा धूर, येणारा वास आणि मागे उरणारा डाग ही शेजारी बसलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला मिळणारी सूचना आहे. त्याला दुसरी सूचना मिळत नाही. पाकिटावरचा इशाराही ओढणाऱ्याच्या हातात असतो. ही सूचना पुसायची मुभा कुठल्याही उत्पादकाला असता कामा नये. आधी विष कमी झाल्याचं दाखवा, मगच धूर फिका करा, हा क्रम कायद्याने बांधून टाकायला हवा.

मुळात हा कागद साधा नसतो. जवसाचे किंवा हेम्पचे (भांगेच्या जातीतल्या झाडाचे) तंतू, किंवा लाकडाचा लगदा, आणि त्यात वजनाच्या पाव हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू. खडूमुळे कागद पांढरा आणि अपारदर्शक होतो, आतला तपकिरी तंबाखू दिसत नाही, आणि राखही पांढरी पडते. त्यावर सोडियम किंवा पोटॅशियम सायट्रेटचा हलका थर असतो. त्याने जळणं एकसारखं होतं. कागदातून हवा किती आत शिरते, हे छिद्रांवर अवलंबून असतं आणि ते काटेकोरपणे मोजलं जातं. जळती सिगारेट जवळून पाहिली तर राख आणि कोरा कागद यांच्यामधे एक बारीक काळपट तपकिरी कडा हळूहळू मागे सरकताना दिसते. कागद करपतो तो तिथे, आणि रसायनांचं काम चालतं तेही तिथेच. खडूच्या जागी किंवा खडूबरोबर मॅग्नेशियमचं ऑक्साइड वा हायड्रॉक्साइड घातलं, छिद्रं कमी केली, क्षारांचं प्रमाण बदललं, की टोकावरून उठणारी धुराची रेघ पातळ होते. हे तंत्र जुनं आहे आणि त्याची पेटंटंही आहेत.

टोकावरच्या या धुराला इतकं महत्त्व का, हे चाचणीच्या यंत्राकडे पाहिलं की कळतं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे यंत्र मिनिटाला एक झुरका घेतं: ३५ मिलिलीटर, दोन सेकंद. उरलेली ५८ सेकंदं सिगारेट आपली आपण धुमसते आणि तो धूर खोलीत जातो. माणूस यंत्रापेक्षा घाईने आणि खोल ओढतो हे खरं, तरीही कुणीही न ओढलेला धूरच खोलीत जास्त असतो. दुसऱ्यांच्या वाट्याला येणाऱ्या धुरापैकी सुमारे ८५ टक्के हा या जळत्या टोकाचा असतो आणि ओढणाऱ्याने तोंडातून सोडलेला भाग लहान असतो. झुरका घेताना टोकाचं तापमान ९०० अंशांच्या आसपास चढतं, धुमसताना ते बरंच खाली येतं. कमी तापमानाचं ते अर्धवट ज्वलन जास्त घाण सोडतं.

किती जास्त, हे तंबाखू उद्योगाला फार आधी कळलं होतं. फिलिप मॉरिस कंपनीने १९७१ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरातली इन्बिफो ही प्रयोगशाळा विकत घेतली होती. तिथे उंदरांवर जळत्या टोकाच्या धुराचे प्रयोग झाले आणि ते बाहेर कुठे प्रसिद्ध झाले नाहीत. पुढे खटल्यांमुळे कंपन्यांची कागदपत्रं खुली झाली, तेव्हा सुझान शिक आणि स्टँटन ग्लँट्झ या संशोधकांनी ते निकाल वाचून २००५ मध्ये मांडले. श्वासातून दिलेला टोकाचा ताजा धूर, कणांच्या ग्रॅममागे मोजला तर, ओढलेल्या धुरापेक्षा सुमारे चौपट विषारी निघाला होता. याचा अर्थ सिगारेट न ओढणाऱ्याच्या वाट्याला येतो तो जास्त वाईट धूर. हवेत मिसळून तो विरळ होतो, पण बंद खोलीत लहान मुलाने तो रात्रभर घ्यायचा असेल तर विरळपणाचा दिलासा फारसा उरत नाही.

आता या धुराचा कुठला भाग दिसतो आणि कुठला दिसत नाही, ते पाहू. धूर दिसतो तो मायक्रोमीटरहूनही लहान थेंबांमुळे. ते प्रकाश विखुरतात. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. फॉर्माल्डिहाइड, बेंझीन, अमोनिया हे वायुरूपात असतात, तेही दिसत नाहीत. खोलीतल्या शिळ्या धुरातलं बरंचसं निकोटीनसुद्धा थेंबांतून निघून वायुरूपात गेलेलं असतं. त्यामुळे कागदावरच्या एखाद्या लेपाने थेंब कमी झाले, किंवा त्यांचा आकार बदलून ते कमी प्रकाश विखुरू लागले, तर डोळ्यांच्या दृष्टीने धूर कमी झाला असं म्हणता येईल. वायूंचं काय झालं, हे त्यावरून काहीच सांगता येत नाही. ते कमी झाले असतील, तितकेच राहिले असतील किंवा वाढलेही असतील. वेगळं मोजल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

आणि नेहमीची मोजणी नेमकी इथे तोकडी पडते. धूर पकडायला काचतंतूंची एक पांढरी गोल चकती वापरतात. तिला केंब्रिज पॅड म्हणतात. धूर तिच्यातून खेचला की मधोमध पिवळा वर्तुळाकार डाग उमटतो, पुढच्या सिगारेटींबरोबर तो गडद तपकिरी, चिकट होत जातो. चकतीचं वजन किती वाढलं ते पाहायचं, त्यातून पाणी आणि निकोटीन वजा करायचं, उरतं ते टार. पाकिटांवर वर्षानुवर्षं छापला गेलेला आकडा असा येतो. पण वायू या चकतीला न जुमानता आरपार जातात. त्यांना पकडायला वेगळी पिशवी, वेगळी द्रावणं, वेगळी यंत्रं लागतात. ज्याला फक्त डाग किती गडद पडतो हेच मोजायचं आहे, त्याला फिकट डागाचा कागद शोधणं अवघड नाही. तो कागद कमी घातक आहे की नाही, हा प्रश्न त्या चाचणीत विचारलेलाच नसतो.

डाग हवा तसा वळवता येतो, याचा जुना दाखला एका तंबाखू कंपनीच्याच कागदपत्रांत सापडतो. १९५३ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ क्लॉड टीग यांनी अशी कल्पना मांडली, की धूर लागताच आम्ल-अल्कलीच्या फरकाने रंग बदलणारा पदार्थ फिल्टरमध्ये घालावा. ओढून झाल्यावर फिल्टर तपकिरी झालेला दिसला की त्याने बरंच काही अडवलं, असं ग्राहकाला वाटेल. फिल्टरच्या खऱ्या कार्यक्षमतेवर याचा जवळजवळ काहीच परिणाम होणार नाही, पण जाहिरात आणि विक्रीचा फायदा उघड आहे, असंही त्यांनी त्याच टिपणात लिहून ठेवलं. तिथे डाग गडद करायचा होता, कारण गडद डाग म्हणजे संरक्षण असा समज विकायचा होता. कागदाच्या बाबतीत डाग आणि धूर फिका करायचा असतो, कारण फिका म्हणजे स्वच्छ असा समज विकायचा असतो. दोन्हीकडे बदल होतो तो पाहणाऱ्याच्या समजुतीत. मला हे टिपण फार महत्त्वाचं वाटतं, कारण हेतूबद्दल तर्क लढवायची गरजच ते ठेवत नाही.

कागदावरच्या प्रयोगांना जोर कधी आला, तेही पाहण्यासारखं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या तंबाखू उद्योगाच्या संघटनेसाठी रोपर या जनमत चाचणी संस्थेने अहवाल दिला, की दुसऱ्याच्या धुराने अपाय होतो ही लोकांची वाढती धारणा हा उद्योगापुढचा आजवरचा सर्वांत मोठा धोका आहे. १९८१ मध्ये जपानचे ताकेशी हिरायामा यांनी दाखवलं, की सिगारेट ओढणाऱ्या नवऱ्यांच्या, स्वतः न ओढणाऱ्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, या विषयावरचा अहवाल आला. १९८८ मध्ये तिथे दोन तासांच्या आतल्या देशांतर्गत विमानप्रवासात धूम्रपान बंद झालं. आणि दशक संपता संपता टोकाचा धूर कमी असल्याची जाहिरात करणाऱ्या सिगारेटी बाजारात उतरू लागल्या. व्हर्जिनिया स्लिम्स या ब्रँडची ‘सुपरस्लिम्स’ ही त्यांतली एक. ग्रेगरी कॉनोली आणि सहकाऱ्यांनी २००० साली उद्योगाची अंतर्गत कागदपत्रं तपासून लिहिलं, की दिसणारा धूर, वास आणि डोळ्यांची चुरचुर लपवण्यासाठी सिगारेटमध्ये मिसळलेल्या पदार्थांचा वापर केला जात होता. लोकांची तक्रार आरोग्याची होती. तिच्यावर उत्तर शोधलं गेलं ते सौंदर्यप्रसाधनाचं.

यावर एक म्हणणं असं येतं, की त्रास कमी झाला तर वाईट काय? डोळे चुरचुरत नाहीत, पडद्यांना वास लागत नाही, भिंत पिवळी पडत नाही. घरात सिगारेट ओढणारं माणूस असेल तर बाकीच्यांना तेवढाच आराम. हा आराम खोटा नाही, आणि ज्यांनी तो मागितला त्यांना मी दोष देणार नाही. पण चुरचुरणाऱ्या डोळ्यांमुळेच माणूस उठून खिडकी उघडतो, मुलाला दुसऱ्या खोलीत नेतो, ‘बाहेर जाऊन ओढ’ असं म्हणायचा धीर करतो. चुरचुर गेली आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच राहिला, तर तो उठणार नाही. स्वयंपाकाच्या गॅसबाबत आपण याच्या अगदी उलट वागतो. नैसर्गिक वायूला वास नसतो. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेला गॅस पेटला आणि तीनशेच्या आसपास माणसं मेली, बहुतेक शाळकरी मुलं. गॅस गळतोय हे कुणाला कळलंच नव्हतं. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम घाण वास मिसळण्याची सक्ती आली. न दिसणाऱ्या धोक्याला वास द्यायचा, हे शहाणपण एका घातक वायूच्या बाबतीत आपण पाळतो. मग दुसऱ्या धोक्याचा वास काढून घ्यायला परवानगी कशी देता येईल?

डागाचंही तसंच आहे. बोटांवरचा, पडद्यावरचा, छतावरचा तो पिवळटपणा म्हणजे बसलेलं टार आणि हवेत तपकिरी पडत गेलेलं निकोटीन. हा मळ निर्जीव नसतो. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की पृष्ठभागावर बसलेल्या निकोटीनची घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी अभिक्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होतात. म्हणजे सिगारेट विझल्यानंतरही काम चालूच असतं. भिंत पिवळी दिसते तेव्हा निदान ती धुवावी, रंगवावी असं वाटतं. निकोटीन तितकंच बसलं आणि रंग मात्र उमटला नाही, तर रांगणारं मूल त्याच जमिनीवर हात टेकणार आणि तेच हात तोंडात घालणार. घरच्यांना मात्र घर स्वच्छ वाटत राहणार.

सगळे डाग एका मापाने मोजावेत असं मात्र नाही. इंडोनेशियातल्या लवंगेच्या सिगारेटींत लवंगतेल कागदात झिरपून बाहेरून ठिपके पडतात. तेल न झिरपणारा कागद तिथे वापरला तर तो मालाच्या देखणेपणाचा प्रश्न आहे, शेजाऱ्याच्या इशाऱ्याचा नाही. तो लेप जळल्यावर काय होतं हे जाहीर करावं, एवढंच.

आता उद्योगाची बाजू घेणाऱ्यांचा सर्वांत सबळ युक्तिवाद. कागदावरच्या प्रयोगांनी माणसांचे जीव वाचले आहेत, आणि हे खरं आहे. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टवुड गावात सिगारेटमुळे लागलेल्या आगीत एकाच कुटुंबातले सात जण मेले. तिथले अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, सदस्य जो मोकली यांनी मग हा विषय धरून ठेवला. सोफ्यावर, गादीवर पडलेली सिगारेट आपोआप विझेल अशी का बनवता येऊ नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता. १९८४ मध्ये त्यावर अभ्यासगट नेमणारा कायदा झाला, १९८७ मध्ये गटाने हे तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचं सांगितलं, आणि प्रत्यक्ष सक्ती पहिल्यांदा आली ती जून २००४ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात. पुढे २००५ मध्ये कॅनडा, २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया, १७ नोव्हेंबर २०११ पासून युरोपीय संघ. उपाय कागदातच होता. अशा सिगारेटचा कागद उलगडून उजेडासमोर धरला तर दोन-तीन आडवे पट्टे दिसतात. तिथे अल्जिनेट, स्टार्च किंवा सेल्युलोजचा लेप देऊन छिद्रं बुजवलेली असतात. ओढणारा झुरका घेत राहिला तर आग पट्टा ओलांडते, नाहीतर हवा कमी पडून तिथे विझते.

हे उदाहरण मला मनापासून पटतं, आणि म्हणूनच ते नीट वाचायला हवं. पट्ट्यांची चाचणी उघड आहे. गाळणकागदाचे दहा थर ठेवायचे, त्यावर पेटती सिगारेट ठेवायची, अशा ४० सिगारेटी तपासायच्या. शेवटपर्यंत जळणाऱ्या एक चतुर्थांशाहून जास्त निघाल्या तर माल नापास. ती कुठल्याही देशाच्या प्रयोगशाळेला पुन्हा करून पाहता येते. जे मोजलं जातं ते थेट धोक्याशी जोडलेलं आहे: सिगारेट विझली की नाही. तिच्यामुळे कुणाचा इशारा हिरावला जात नाही. आणि पट्टे आहेत म्हणून सिगारेट कमी विषारी झाली, असा दावा कुणी करू शकत नाही. फिक्या धुराच्या कागदाला यातलं काहीही लागू पडत नाही. पट्ट्यांची अक्कल असूनही ती सरसकट बाजारात यायला वेस्टवुडच्या आगीनंतर पंचवीस वर्षं आणि कायद्याचा बडगा लागला. धूर झाकणारा कागद मात्र कुणी सक्ती न करताच आला. कोणत्या संशोधनाला आपोआप पैसा मिळतो आणि कोणत्याला ढकलावं लागतं, हे यातून दिसतं.

त्यामुळे नियम करायचे ते चाचणी कशाची आणि कुणाकडून, याचे. काही वाट आधीच पडलेली आहे. अमेरिकेच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे कंपनीला तंबाखूबरोबर कागदात आणि फिल्टरमध्ये घातलेले पदार्थही सरकारला कळवावे लागतात. युरोपीय संघाचा २०१४ चा निर्देश आणखी पुढे गेला: धुराला रंग देणारे मिसळीचे पदार्थ त्याने बंद केले, आणि कागदासकट कुठल्याही घटकातून वास, चव किंवा धुराची तीव्रता बदलण्याच्या तांत्रिक युक्त्यांनाही मनाई केली. कॅनडाने २००० सालच्या नियमांत ओढलेल्या धुराबरोबर टोकाच्या धुराचंही विश्लेषण कंपन्यांकडून मागितलं. तेव्हा हे मोजणं अशक्य किंवा अव्यवहार्य आहे, या सबबीत दम नाही. उणीव आहे ती मर्यादेची. युरोपात ओढलेल्या धुराला कमाल मर्यादा आहेत: टार १० मिलिग्रॅम, निकोटीन १, कार्बन मोनॉक्साइड १०. टोकाच्या धुराला अशी मर्यादाच नाही. ज्याने सिगारेट ओढायचं ठरवलं त्याच्यासाठी आकडे आहेत. ज्याने ठरवलं नाही त्याच्यासाठी काहीच नाही. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक न ओढणारी माणसं दुसऱ्यांच्या धुराने मरतात, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. तेव्हा ही त्रुटी किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

माझ्या मते कागदाचा प्रत्येक लेप, नावानिशी, प्रमाणासह आणि तो कशासाठी घातला या कारणासह, लोकांना वाचता येईल असा जाहीर व्हावा. फक्त सरकारी फायलीत नको. दिसणारा धूर, वास किंवा डाग कमी करणारा कुठलाही बदल मुळात बंद समजावा. सूट हवी असेल तर टोकाच्या धुरातले कण आणि वायू, दोन्हींची मोजणी साध्या कागदाच्या सिगारेटशी ताडून दाखवावी, आणि घातक पदार्थ निदान तितक्याच प्रमाणात घटलेले असावेत जितका धूर फिका झाला. ही मोजणी कंपनीच्या मालकीच्या प्रयोगशाळेत नको. खर्च कंपन्यांकडून कर म्हणून घ्यावा, पण नमुने बाजारातून उचलावेत आणि प्रयोगशाळा निवडण्यात कंपनीचा हात नसावा. कोलोनमधले निकाल वर्षानुवर्षं कपाटात राहिले ते मालकी कुणाची होती म्हणून. नापास झालेल्या चाचण्याही छापल्या जाव्यात.

कमी घातक कागद शोधणाऱ्या प्रामाणिक संशोधकाची यात अडवणूक होईल का? होणार नाही. त्याला तसंही वायूंसकट सगळं मोजावंच लागतं, कारण त्याला हवं ते उत्तर चकतीच्या रंगात मिळत नाही. अडचण होईल ती फक्त रंग मोजून थांबणाऱ्याची. आज बाजारात असलेल्या लेपांना दोन वर्षांची मुदत द्यावी. त्या मुदतीत मोजणी सादर झाली नाही, तर तो ब्रँड खडू आणि सायट्रेटच्या साध्या कागदावर परत जाईल, आगीपासून वाचवणारे पट्टे मात्र कायम ठेवून. तो कागद प्रत्येक कारखान्याला आजही बनवता येतो.